वाळवंटातली धूळपेरणी

मागच्या वर्षी मे महिन्यात आई पहिल्यांदा आमच्याकडे टूसॉनला आली. टूसॉन म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं, सोनोरन वाळवंटातलं शहर. त्याआधी मार्चभर मी तिला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत होते, केशरी पॉपीची फुलं, निळेजांभळे लुपिन, ब्रिटलबुशच्या झुडपांनी पिवळ्याधमक झालेल्या टेकड्या, आणि ती तिकडे माण तालुक्यातल्या आमच्या गावी सगळ्यांना दाखवत सुटली होती की बघा आमच्या पोरीचं वाळवंट. आणि प्रत्यक्षात आली तेव्हा काय, तर सगळं तपकिरी. घराच्या मागच्या अंगणात जिथे पॉपी होते तिथे नुसत्या काड्या. मला फार वाईट वाटलं, म्हटलं आई तू दोन महिने उशिरा आलीस, सगळं वाळून गेलं.

ती काही बोलली नाही. वाकली, एक काडी उपटली, शेंग तळहातावर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला आणि हात माझ्यापुढे धरला. तळहातावर खसखशीसारखे बारीक काळपट दाणे. म्हणाली, "दाणा भरलाय की गं चांगला. वाळलंय कुठं, पिकलंय."

मी इथे इतकी वर्षं राहतेय आणि दरवर्षी एप्रिल संपला की मला वाटायचं सीझन संपला. आईच्या त्या एका वाक्यानंतर मी नीट बघायला लागले, वाचायला लागले, तर मग कळलं की मार्चची फुलं हा या झाडांच्या आयुष्यातला अगदी छोटा तुकडा आहे. एखादी पॉपी झाड म्हणून जगते जेमतेम पाच-सहा महिने, पण तीच पॉपी बी म्हणून मातीत कितीतरी वर्षं काढू शकते. तर हे फुलापासून बियापर्यंतचं प्रकरण नेमकं कसं चालतं ते सांगते, आपल्या शेतीच्या भाषेत सांगितलं की पटकन समजतं.

आधी पावसाचं गणित. टूसॉनला वर्षाला साधारण २७० ते ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो दोन हप्त्यांत येतो. डिसेंबर ते मार्च पॅसिफिक महासागराकडून ढग येतात, हळूहळू भिजवणारा शांत पाऊस. आणि मग जुलै ते सप्टेंबर मान्सून, हो मान्सूनच म्हणतात इथे पण, दुपारी ढग जमतात, धुळीचं वादळ, विजा, तासाभरात रस्त्यावरून पाणी. वर्षाचा जवळपास निम्मा पाऊस या मान्सूनचा. हवामान खात्याने मान्सूनच्या तारखा ठरवून टाकल्यात १५ जून ते ३० सप्टेंबर, पण पहिला दणकून पाऊस बहुतेक वेळा जुलै उजाडल्यावरच. आणि या दोन पावसांच्या मधे एप्रिल, मे, जून हे तीन महिने आभाळ कोरडं ठाक. जूनमध्ये उघड्या जमिनीचा पृष्ठभाग ६५-७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. इथली सगळी झाडं या कोरड्या तीन महिन्यांभोवती आपलं वर्ष आखतात.

म्हणजे या वाळवंटात रब्बी आहे आणि खरीप पण आहे, फक्त शेतकरी नाहीये.

पॉपी, लुपिन, आउल्स क्लोव्हर ही सगळी रब्बीवाली मंडळी. एका वर्षात जन्म आणि मरण दोन्ही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थंडी सुरू होताना एखादा चांगला पाऊस झाला, साधारण २५ मिलिमीटर, तर बी उगवतं. मग हिवाळाभर रोप वर वाढतच नाही, पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरलेली असतात, कारण थंडीत उन्हाने तापलेली जमीन हवेपेक्षा उबदार असते आणि रोप ती ऊब घेतं. खाली मूळ मात्र चाललेलं असतं. फेब्रुवारीत हवा तापायला लागली की एकदम दांडा काढतं, कळ्या, फुलं, आणि मार्चमध्ये आपण फोटो काढत सुटतो.

आता एप्रिल. ओल खाली खाली जातेय, दिवस मोठा होतोय, तापमान तिशी ओलांडतंय. ज्यांनी हरभऱ्याचं शेत पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. घाटे भरायला लागले की हरभऱ्याचं पान पिवळं पडतं, आणि ते नुसतं उन्हाने पडत नाही, झाड स्वतः पानातला माल काढून घेत असतं. पानातलं हिरवं द्रव्य आणि प्रथिनं मोडून त्यातलं नायट्रोजन दाण्याकडे, साखर दाण्याकडे. पॉपी तेच करते. जे पान हिवाळाभर कमावत होतं तेच आता मोडीत काढून बियांत भरायचं. पाणी जितकं लवकर तुटतं तितकी ही घाई जास्त. ज्या वर्षी पाऊस कमी त्या वर्षी मी बोटभर उंचीची पॉपी पाहिलीय, दोन पानं, एक फूल, पण शेंग धरलेली. मोठं होण्याची वाट बघत बसली असती तर बी न टाकताच गेली असती.

बी भरलं की पुढची स्टेप मला सगळ्यात भारी वाटते. दाणा चिकात असतो तेव्हा त्यात भरपूर पाणी असतं, आपण हुरडा खातो तो याच कोवळेपणासाठी. पिकता पिकता दाणा हे पाणी बाहेर काढून टाकतो, शेवटी वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी उरतं. कुठल्याही पानाचं पाणी इतकं कमी झालं तर ते मेलं. बी मरत नाही कारण त्याने आधीच आतमध्ये विशिष्ट साखरा आणि संरक्षक प्रथिनं साठवलेली असतात, आणि पाणी गेलं की हा सगळा पाक घट्ट होतो. चिक्कीचा पाक आठवा, गरम असताना पातळ, आणि थंड झाला की काचेसारखा कडक होऊन दाणे जागच्या जागी पकडून ठेवतो. बियाच्या पेशींच्या आत अगदी हेच होतं, फक्त थंड होण्याच्या ऐवजी सुकण्यामुळे होतं. सगळं जिथल्या तिथे गोठतं, हालचाल जवळजवळ बंद, म्हणून मोडतोडही जवळजवळ बंद. या अवस्थेत ७० अंशांची जमीन सोसता येते.

मग बी जमिनीत जायचं कसं. पॉपीची शेंग मोहरीच्या शेंगेसारखी लांबट असते, सुकताना तिच्या दोन बाजूंवर ताण येत जातो आणि एका क्षणी ती बुडापासून फटकन उकलून बिया उडवते. लुपिनची शेंग तर पीळ घेत फुटते, एप्रिलअखेरच्या दुपारी शांत उभं राहिलं तर टक टक असा आवाज ऐकू येतो. लहानपणी तेरड्याची बोंडं बोटात धरून फोडली असतील ना, तसंच, फक्त तेरडा ओला असताना फुटतो आणि ही कोरडी झाल्यावर.

आपल्याकडची कुसळी माहितीच आहे, माळावरून चालून आलं की मोज्यातून उपटत बसावं लागतं. तीच कुसळी, अगदी तीच जात, दक्षिण ॲरिझोनाच्या टेकड्यांवर पण मूळची आहे, इथे तिला टँगलहेड म्हणतात. तिच्या कुसळाला पीळ असतो, हवेत ओल आली की पीळ सुटतो, कोरडं झालं की परत बसतो, असं फिरत फिरत बी मातीत घुसतं. इरोडियम नावाची एक छोटी गुलाबी फुलाची वनस्पती आहे ती हेच तंत्र वसंतातल्या बियांसाठी वापरते, तिचं कुसळ तर हुबेहूब स्क्रू. तळहातावर ठेवून थोडं पाणी शिंपडलं तर डोळ्यादेखत उलगडत फिरतं. मुलांना जरूर दाखवा.

आणि मग इसबगोल! हो, पोट साफ होण्यासाठी आजोबा रात्री पाण्यात घेतात तेच. गुजरातेत उंझ्याच्या बाजारात ज्याची पोती उतरतात ती प्लँटॅगो ओव्हाटा ही वनस्पती सोनोरन वाळवंटात मूळची रानटी उगवते, टूसॉनच्या आसपास चांगला पाऊस झालेल्या वर्षी जमिनीवर तिचा हिरवट करडा गालिचा असतो आणि शेकडो लोक पॉपीचे फोटो काढताना तिच्यावर उभे असतात. आईला दाखवलं तर तिचा विश्वासच बसेना. इसबगोल पाण्यात टाकलं की जो बुळबुळीत थर फुगतो तो आपल्या पोटासाठी थोडीच बनलाय. पहिल्या पावसात बी भिजलं की तो थर फुगतो, आणि सुकला की डिंकासारखा बियाला जमिनीला चिकटवून टाकतो. मग वारा उडवत नाही, पाण्याबरोबर वाहून जात नाही, मुंगीलाही उचलताना जड जातं. शिवाय उगवताना ओल धरून ठेवायला मदत. फालुद्यातला सब्जा असाच फुगतो, आणि इथल्या वाळवंटातली रानटी चिया पण.

सगळ्या वनस्पती आपलं बी लगेच सोडतात असंही नाही. रिजिड स्पाइनफ्लॉवर म्हणून एक बोटभर काटेरी झाड आहे, ते मेलं तरी त्याचा काळपट सांगाडा वर्षानुवर्षं जमिनीत उभा राहतो आणि बिया आत काट्यांत धरून ठेवतो. पाऊस पडला की त्यातल्या काही सुटतात, बाकीच्या पुढच्या पावसाला. मेलेली आई मुलांना एकेक करून वाट लावतेय असं काहीतरी मला ते बघताना वाटतं.

आता खरा प्रश्न. मे महिन्यात बी पडलं, जुलैमध्ये धो धो पाऊस आला. मग पॉपी उगवत का नाही? पाणी आहे, माती आहे, ऊब आहे. पण जुलैत उगवली असती तर त्याच उन्हाळ्याच्या तापात करपली असती, आणि हे बियाला "माहिती" असल्यासारखं ते गप्प बसतं. कसं?

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञान संस्थेतले वनस्पतीशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर वाळवंटाची माती आणून यावर प्रयोग केले. एकाच ठिकाणची माती, गारव्यात ठेवून भिजवली तर त्यातून फक्त हिवाळी झाडं उगवली, तीच माती उबेत भिजवली तर फक्त उन्हाळी झाडं. म्हणजे एकाच मूठभर मातीत रब्बी आणि खरीप दोन्ही बियाणं मिसळून पडलेलं आहे आणि पाऊस पडला की प्रत्येक बी आधी तापमान बघतं, मग ठरवतं हा पाऊस आपला आहे का. शिवाय नुसतं शिंतोड्याने काम होत नाही, बऱ्याच बियांमध्ये उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती धुवून निघायला नीट पाऊस लागतो.

दुसरी गोष्ट याहून जबरदस्त आहे. मे महिन्यात ताजं पडलेलं पॉपीसारख्या हिवाळी झाडांचं बी घेऊन तुम्ही थंडीत भिजवलं तरी ते फारसं उगवत नाही. ते कच्चं असतं. म्हणजे दाणा पूर्ण भरलेला, पण उगवायला तयार नाही. त्याला आधी उन्हाळा लागतो. कोरड्या, तापलेल्या मातीत आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की आतले उगवण रोखणारे घटक हळूहळू मोडत जातात, आणि प्रयोगशाळेत पण दिसलंय की ५० अंशांच्या आसपास काही आठवडे कोरडं ठेवलेलं बी नंतर गारव्यात जास्त चांगलं उगवतं. कैरी काढून आपण अढीत घालतो ना, पेंढ्याच्या उबेत पिकायला, तसं हे बी जून-जुलैच्या उन्हाच्या अढीत पिकतं. मला आधी वाटायचं हा उन्हाळा ही झाडं कशीबशी सोसतात. पण त्यांना तो हवाच असतो, त्याशिवाय पुढचा मार्च नाही.

आणि सगळं बी एकाच वर्षी उगवत नाही, ही अजून एक सावधगिरी. माण-खटावच्या माणसाला दुबार पेरणी म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. पाऊस झाला म्हणून पेरलं, मग महिनाभर ओढ दिली, उगवलेलं जळालं, आता परत बियाणं आणा. झाडाला परत बियाणं आणायला दुकान नाही. म्हणून ते कणगीत राखून ठेवतं, म्हणजे मातीत. समजा शंभर बिया आहेत, त्यातल्या चाळीस यंदा उगवल्या आणि पाऊस दगा देऊन गेला, तर चाळीस गेल्या पण बाकीच्या आहेत. सगळ्या शंभर उगवल्या असत्या तर वंशच संपला. टूसॉन शहरात टुमामॉक हिल नावाची टेकडी आहे, तिथे १९०३ पासून वाळवंटाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, आणि ॲरिझोना विद्यापीठाचे लॉरेन्स व्हेनेबल यांनी तिथे कित्येक दशकं दरवर्षी जमिनीचे छोटे चौकोन आखून रोपं मोजलीत, कुठली उगवली, कुठली जगली, किती बी दिलं. त्यातून दिसलं की ज्या जातींचं उत्पन्न वर्षावर्षाला जास्त खालीवर होतं त्या जाती कणगीत जास्त राखून ठेवतात, आणि ज्यांचं बऱ्यापैकी स्थिर असतं त्या जास्त उगवून घेतात. एकही शेतकरी नसताना हा हिशोब बसलाय, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा चुकला त्या गेल्या, एवढंच.

हे झालं रब्बीचं. आता खरिपाकडे, आणि इथे राजा म्हणजे सवारो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे 'g' येतो पण उच्चार सवारोच. सिनेमात दिसतो तो हात वर केलेला उंच निवडुंग. हा एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत फुलतो, म्हणजे जेव्हा पॉपी मरून काड्या झालेल्या असतात, पाण्याचा थेंब नाही, तेव्हा याला फुलं. एवढं पाणी कुठून? हिवाळ्याच्या पावसात त्याने ते खोडात भरून घेतलेलं असतं. खोडाला उभ्या घड्या असतात, पाणी भरलं की पेटीच्या भात्यासारख्या उघडतात आणि जून येईपर्यंत मिटत मिटत जातात. फूल रात्री उघडतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं, एवढ्या वेळात रात्री मेक्सिकोहून आलेली वटवाघळं आणि सकाळी पांढऱ्या पंखांची कबुतरं आणि मधमाश्या येऊन जातात. जूनमध्ये फळ पिकतं, फुटून आतून लालभडक दिसतं, लोकांना वाटतं परत फुलं आली. एका फळात साधारण दोन हजार बिया.

आणि वेळ बघा. फळं पिकून बिया पडतात त्या बरोबर मान्सूनच्या तोंडावर. आपल्याकडे मृगाच्या आधी कोरड्या मातीत पेरून ठेवतात ना, धूळपेरणी, तीच ही. सवारोचं बी पॉपीसारखं वर्षानुवर्षं मातीत थांबत नाही, याला कणगीच नाही. याच पावसात उगवलं तर उगवलं, नाहीतर मुंग्या-पक्ष्यांच्या पोटात. मग असा जुगार सवारोला परवडतो कसा? कारण तो दीडशे वर्षं जगतो. पहिलं फूल साधारण पस्तिसाव्या वर्षी, आणि मग शंभरेक वर्षं दरवर्षी पेरत राहायचं, त्यातलं एखादं रोप एखाद्या झाडाच्या सावलीत धरलं तरी वंश चालला. पॉपीची शिल्लक मातीत असते, सवारोची शिल्लक त्याच्या स्वतःच्या वयात. हे कळलं तेव्हा मला दोघांकडे बघायची दृष्टीच मिळाली.

इथले मूळ रहिवासी, टोहोनो ओ'ओडम लोक, यांना हे सगळं माझ्यासारखं वाचून शिकावं लागलं नाही. त्यांचं नवं वर्षच सवारोच्या फळांच्या हंगामात सुरू होतं. मेलेल्या सवारोच्या लांब फासळ्या बांधून काठी करतात आणि तिने उंचावरची फळं पाडतात, गर उकळून सिरप करतात, आणि त्याचीच वाइन करून पाऊस बोलवायचा समारंभ. झाडाची पेरणी, माणसांची बेगमी आणि पावसाची प्रार्थना, सगळं त्याच दोन-चार आठवड्यांत.

बाकीची मोठी झाडंही याच सुमारास शेंगा टाकतात. पालो वर्दे, ज्याची साल हिरवी असते आणि पानं नसली तरी सालीवरच स्वयंपाक चालतो, मग आयर्नवूड, मग मेस्कीट. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. आयर्नवूडचं बी पहिल्या पावसात पटकन उगवतं. ओढ्याकाठच्या पालो वर्देच्या बियाचं कवच मात्र इतकं टणक की पुरात दगडगोट्यांवर घासून ओरखडे पडले की मगच पाणी आत शिरतं, म्हणजे पूर येऊन गेला, ओढ्यात ओल आहे, याची खात्री झाल्यावरच उगवणार.

अर्थात पडलेल्या बियांतल्या बहुतेक खाल्ल्याच जातात. मे-जूनमध्ये मुंग्यांच्या वारुळाभोवती भुशाचं कडं साचलेलं असतं, खळ्याच्या कडेला असतं तसं. कांगारू रॅट नावाचा उड्या मारणारा छोटा उंदीर गालाच्या पिशव्यांत बी भरून नेतो आणि जागोजागी पुरतो, काही विसरतो, ते उगवतं. याच राज्यात पोर्टल नावाच्या गावाजवळ १९७७ पासून काही चौकोनांना कुंपण घालून उंदरांना बाहेर ठेवलंय, तर काही वर्षांत तिथे मोठ्या बियांची झाडं वाढली आणि झुडपांच्या जागी गवत माजलं. म्हणजे हे खाणारेच ठरवतात की पुढच्या मार्चला डोंगर कुठल्या रंगाचा दिसणार.

एका गोष्टीची मात्र मनापासून काळजी वाटते, आणि ती आपल्याकडची आहे म्हणून जास्तच. अंजन गवत. आपल्याकडे माळरानावर गुरांसाठी चांगलं मानलेलं हे गवत, भारतापासून आफ्रिकेपर्यंत मूळचं, इथे चारा म्हणून आणलं गेलं आणि आता टेकड्याच्या टेकड्या व्यापतंय. वाळवंटात झाडांच्या मधे मोकळी जमीन असते म्हणून आग पसरत नाही. ही मोकळी जमीनच तर पॉपीच्या बियांची कणगी. तिथे अंजन भरलं की उन्हाळ्यात ते वाळून पेटतं, मुळातून परत फुटतं, आणि सवारोला आगीची सवयच नाही, तो मरतो. टूसॉनमध्ये लोक सुट्टीच्या दिवशी पहारी घेऊन हे गवत उपटायला जातात. मी पण जाते, हात सोलवटतात पण जाते.

आईने त्या दिवशी तळहातावरचं बी टाकून दिलं नाही, कुंपणाच्या कोपऱ्यात जिथे पाणी साचतं तिथे भुरभुरवलं आणि वर पायाने माती ओढली. जूनमध्ये ती परत गेली. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्रीच व्हिडिओ कॉल, "उगवलं का गं?" म्हटलं नाही, आणि तुझं बी अजून अढीत आहे. तिला लगेच कळलं. ऑगस्टमध्ये परत विचारलं, सप्टेंबरमध्ये पण. नोव्हेंबरच्या शेवटी दोन दिवस बारीक पाऊस लागून राहिला आणि डिसेंबरात एका सकाळी त्या कोपऱ्यात बडीशेपेसारख्या कातरलेल्या निळसर हिरव्या पानांची चक्रं दिसली, मोजली तर एकोणीस. आईने मूठभर टाकलं होतं. फोटो पाठवला तर तिचा उत्तरादाखल व्हॉइस मेसेज आला, "एवढंच? बरं असू दे, बाकीचं तिनं ठिवलं आसंल मागं."